मुदत उलटलेल्या डब्यांची पंगत

चवथीचा दुसरा दिवस. दुपारची पंगत उठली होती, खतखते आणि पातोळ्यांनी अंग जड झाले होते, आणि माटोळीखाली आम्ही सगळे लवंडलो होतो. आमच्या डिचोलीच्या घरात वर्षातून हीच एक वेळ असते की सगळे भाऊ, पुतणे, पाहुणे-रावळे एका छपराखाली सापडतात. पुतण्या मोबाईल घेऊन धावत आला. "काका, हें पळय, पळय!"

पाहिले. एक अमेरिकन गृहस्थ टेबलाशी बसून सैनिकांच्या शिध्याचा जुना डबा उघडत होता. डबा माझ्या जन्माच्या आधीचा. त्यातून काढलेला काळपट गोळा त्याने स्वच्छ ताटलीत ठेवला, वास घेतला, चमचाभर तोंडात घातला, आणि एखादा जाणकार गवय्याच्या तानेला दाद देईल तशी मान हलवली. पुतण्या सांगू लागला की हा माणूस यासाठीच प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातले, १८६३ सालचे दगडासारखे बिस्कीट त्याने खाल्ले आहे. बोअर युद्धाच्या वेळचा, १८९९ सालचा ब्रिटिश सैनिकांचा सुके मांस भरलेला आणीबाणीचा डबाही चाखला आहे. लाखो लोक पाहतात म्हणे!

शेजारी आमचे भावोजी बसले होते. मावसबहिणीचे यजमान, सावंतवाडीकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. माणूस मुळात अबोल. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले आणि मोबाईल परत देताना एवढेच म्हणाले,

"ह्येका भूक लागलेली नाय."

मंडळी, हा सगळा लेख म्हणजे त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे. ज्यांना तेवढ्या वाक्यात सगळे कळले त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

झाले असे की विषय तिथेच संपला नाही. पुतण्याच्या मित्रमंडळींनी कुठूनसे एक सैनिकी जेवणाचे पाकीट पैदा केले होते. मुदत उलटून दोन वर्षे झालेली. अनंत चतुर्दशीला आरती आटोपल्यावर ते फोडायचे, प्रत्येकाने घासभर खायचे आणि त्याचे चित्रण करायचे असा बेत ठरला होता. मी नको म्हणालो. मग काय, वादाला तोंड फुटले. 'काकांना सगळ्याचेच वावडे', 'हा इतिहास आहे, काका', 'जवानांविषयी आदर म्हणूनच करतोय', 'तुम्ही नाही का वर्ष-वर्षाचे लोणचे खात?' असे बाण सुटले. पोरे हुशार आहेत, त्यामुळे त्यांना सवडीने उत्तर द्यावे म्हणून हे लिहायला घेतले.

आधी लोणच्याचेच घेऊ, कारण तो बाण सर्वांत टोकदार होता.

आपल्या गोव्यात टिकाऊ अन्नाला कोणी हसत नाही. पावसाळ्यापूर्वी आपण घर भरतो त्याला पुरुमेंत म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आला, म्हणजे रसद, शिधापुरवठा. जहाजाची, फौजेची, किल्ल्याची करतात तीच! साहेबाचा हा शब्द आमच्या आज्या-पणज्यांनी उचलला आणि स्वयंपाकघरात आणून बसवला. मे महिन्यात डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात एक चक्कर मारा म्हणजे कळेल. सुक्या मिरच्या, चिंचेचे गोळे, सोलां, खारे मासे, सुकी सुंगटां, अळसांदे, कुळीथ, फणसाचे पापड, आंब्याची साटां. घरी बुयांवात मिठाच्या पाण्यात घातलेली तोरे. पूर्वी ओहोळ-नद्या फुगल्या की चार-चार दिवस वाट बंद, होडी बंद, बाजार बंद. त्या दिवसांसाठीची ही बेगमी.

त्या बरणीवर कधी तारीख होती का? नव्हती. मग आमची आजी काय करायची? झाकण काढायची, नाकाशी न्यायची, लाकडी डाव घालून तळ ढवळायची, आणि बुरशीचा नुसता संशय आला तरी सगळी बरणी परसात माडाच्या आळ्यात रिकामी करायची. कोणाला विचारायची नाही, कोणाची सही घ्यायची नाही. कारण ते लोणचे तिच्याच नातवंडांच्या पानात पडणार होते आणि शेवटी उरलेसुरले तिच्या स्वतःच्या पेजेबरोबर. भरणारी तीच, राखणारी तीच, वाढणारी तीच आणि खाणारीही तीच. जिथे भरणारा आणि खाणारा एकाच पंगतीला बसतात तिथे तारखेची गरज लागत नाही.

सैनिकाच्या शिध्याचे नेमके उलटे असते. भरणारा कारखान्यात, राखणारा कोठारात, हिशेब ठेवणारा कचेरीत, आणि खाणारा शेकडो कोस दूर, बर्फात नाही तर चिखलात. या चौघांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. डब्यावरची तारीख या अंतरावर उपाय म्हणून आली. ती म्हणजे डब्यावर छापलेली आजी! 'या दिवसापर्यंत या अन्नाची जबाबदारी आमची' असा तो वायदा असतो. पोरांनो, तुम्ही लोणच्याची आणि त्या पाकिटाची तुलना करता तेव्हा नेमकी ही आजीच विसरता.

हे अंतर किती जुने आणि किती घातक आहे याचे दाखले शोधायला लांब जायला नको. मराठी माणसाला पानिपत म्हटले की तलवारी आणि तोफा आठवतात. पण पानिपतावर आधी हरली ती रसद. डिसेंबर १७६० मध्ये रसदेची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीची कोंडी पूर्ण झाली, आणि १४ जानेवारी १७६१ ला आपले लोक उपाशी पोटी रणात उतरले. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा तो निर्णय होता. त्या दिवशी एखादा शिळा, खवट डबा कोणी दिला असता तर त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला असता. पण त्याला कोणी 'चव पाहणे' म्हटले नसते.

डब्याचा जन्मच मुळी सैन्यासाठी झाला. फ्रान्सच्या सरकारने सैन्याचे अन्न टिकवण्याच्या युक्तीसाठी १२,००० फ्रँकचे बक्षीस ठेवले होते. निकोला आपेर नावाच्या हलवायाने काचेच्या बरण्या बुचे मारून उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत काढली आणि १८१० मध्ये ते पटकावले. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. आता गंमत पाहा. डबा निघाला १८१० मध्ये, आणि डबा उघडायचे अमेरिकन पेटंट निघाले १८५८ मध्ये! मधली जवळजवळ पन्नास वर्षे शिपाईगडी संगिनीने नाही तर छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. भरणाऱ्याला खाणाऱ्याची किती काळजी असते ते यावरून ओळखावे.

१८९८ मध्ये अमेरिका स्पेनशी लढली. त्या युद्धात गोळीने मेले त्याच्या कितीतरी पट अमेरिकन सैनिक रोगाने मेले. सगळा दोष अन्नाचा नव्हता, विषमज्वर आणि हिवतापही होते. पण डब्यातल्या मांसाविषयी इतकी ओरड झाली की खुद्द सेनापती जनरल माइल्स यांनी जाहीर तक्रार केली. मढे टिकवायला मसाला भरतात तसे हे मांस आहे, असा शब्द रूढ झाला. चौकशी बसली. रसायने घातल्याचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण ज्यांनी ते मांस उन्हात उघडून खाल्ले होते त्यांच्या पोटांना चौकशीचा निकाल कळवायची सोय नव्हती.

आणि आपल्याच घरचे उदाहरण हवे असेल तर १९६१ आहे. भारतीय सैन्य गोव्याच्या वेशीवर येऊन ठेपले तेव्हा इथल्या पोर्तुगीज फौजेकडे रणगाडे अडवायला पुरेसा दारूगोळा नव्हता. अशी गोष्ट सांगितली जाते की त्यांनी सांकेतिक भाषेत लिस्बनकडे 'चोरीस' मागितले, म्हणजे रणगाडाविरोधी बाँब. आणि विमानातून आले ते खरेखुरे चोरीस, डुकराच्या मांसाचे! आपण ही गोष्ट हसत हसत सांगतो. मीही सांगतो. पण त्या हसण्याखाली तीच जुनी कथा आहे: पाठवणारा हजारो कोसांवर आणि ज्याच्या पदरी पडते तो खंदकात.

पोरे म्हणतील, काका, हे सगळे जुने झाले. बरे, मग ताजे ऐका.

२०१० मध्ये आपल्या महालेखापरीक्षकांनी भारतीय सैन्याच्या शिधापुरवठ्यावर अहवाल दिला. पुढच्या वर्षी संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर आपले म्हणणे मांडले. मुरली मनोहर जोशी तेव्हा अध्यक्ष होते. त्यात काय निघाले? पीठ, तांदूळ, साखर, डाळी, तेल, चहा, मनुका असा कोरडा शिधा टिकण्याची ठरलेली मुदत उलटल्यावरही जवानांच्या पोटात गेला होता. काही बाबतीत तर मुदत उलटून २८ महिने झाले होते! पद्धत अशी की साठा जुना झाला की नमुना तपासायचा आणि मुदत वाढवून द्यायची. आजी बदलायची सोय कागदावर होते ती ही अशी.

२०२० च्या फेब्रुवारीत आणखी एक अहवाल संसदेपुढे आला. सियाचीनसारख्या उंचावरच्या जवानांसाठी ठरलेल्या खास पदार्थांऐवजी दुसरेच काही दिले गेले, ते किमतीच्या हिशेबाने जुळवले गेले, आणि त्यामुळे उष्मांकांत ८२ टक्क्यांपर्यंत घट आली असे त्यात म्हटले होते. सैन्याच्या बाजूने खुलासा झाला की ही २०१५-१६ ते २०१७-१८ मधली माहिती आहे, आता परिस्थिती सुधारली आहे. सुधारली असेल तर आनंदच आहे. पण मला सांगा, या दोन्ही अहवालांविषयी आपल्यापैकी किती जणांनी घरात, देवळाच्या सभामंडपात, बाजारात एक वाक्य तरी उच्चारले? २८ महिने हा आकडा किती जणांना पाठ आहे? आणि त्या १८९९ च्या डब्याची गोष्ट मात्र आमच्या चवथीच्या पंगतीत येऊन पोचली!

आता सर्वांत बोचणारी गोष्ट. जानेवारी २०१७. सीमा सुरक्षा दलाचा एक जवान, तेज बहादूर यादव, हातात मोबाईल घेतो आणि स्वतःला मिळणाऱ्या करपलेल्या रोटीचे आणि पाणचट डाळीचे चित्रण करून जगाला दाखवतो. त्याचे आरोप वरिष्ठांनी नाकारले. त्याच्यावर शिस्तभंगाचा ठपका ठेवला गेला आणि एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. त्याचे म्हणणे किती खरे, शिस्त मोडली की नाही, या वादात मी पडत नाही. वर्दीची म्हणून एक शिस्त असते, भावोजींनी मला ती कैकदा समजावली आहे. मी फक्त दोन चित्रे शेजारी ठेवतो. दोघांच्याही हाती कॅमेरा. दोघांच्याही पुढे सैनिकी अन्न. एक जण सव्वाशे वर्षांपूर्वीचे अन्न हौसेने खातो आणि जगभर नावाजला जातो. दुसरा त्या दिवशीचे अन्न दाखवतो आणि नोकरीला मुकतो. हौसेने खाल्लेल्या शिळ्याला टाळ्या आणि हुकुमाने खाल्लेल्या शिळ्याला चौकशी! हा कुठला न्याय?

'पण हा इतिहास आहे, काका.' आहे ना! कोण नाही म्हणतो? जुना डबा हा दस्तऐवजच आहे. पत्रा कसा होता, डाग कशाने दिला होता, आत काय आणि किती भरले होते, हे सगळे त्यातून कळते. त्या अमेरिकन गृहस्थाबद्दलही न्यायाने बोलायला हवे. तो डब्यावरचा प्रत्येक शब्द वाचून दाखवतो, वस्तू जपून हाताळतो, अभ्यास करून बोलतो. पण ताम्रपट सापडला तर आपण तो वितळवून बघतो का, की तांबे कसे आहे? जुनी पोथी जीभ लावून वाचतो का? खाऊन संपवलेला दस्तऐवज पुढच्या अभ्यासकाला मिळत नाही. तपासायचाच असेल तर वस्तुसंग्रहालय आहे, रसायनशास्त्रज्ञ आहे. म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळाच आहे, आणि तिचे काम सैनिकाचे अन्न टिकावे आणि खाता यावे हेच. चव घेणे ही या यादीतली सर्वांत शेवटची आणि सर्वांत कमी माहिती देणारी पायरी. खवट तेल खवटच लागणार, त्याला १८९९ काय आणि २०१९ काय!

आणि पोटाचे काय? डब्यात हवा नसते, आणि हवा नसलेली जागाच ज्याला मानवते असा एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीज साध्या उकळण्याने मरत नाही, म्हणून तर कारखान्यात डबे दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. शिवण सुटली, पत्र्याला भोक पडले किंवा मुळात तापवणे कमी झाले, तर तो आत जे विष तयार करतो त्याला वास असेलच असे नाही, चव असेलच असे नाही. डबा फुगलेला दिसला तर नशीब. नाही दिसला तर आजीचे नाकही तिथे कामाचे नाही. धडधाकट बंद डबा तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी विष होतो असे मी म्हणत नाही, तसे नसतेच. पण सुरक्षित कुठला आणि घातक कुठला हे घासभर खाऊन ठरवायची रीत म्हणजे विहिरीत साप आहे का हे उडी मारून पाहण्यासारखे आहे.

'आदर म्हणून करतोय.' या वाक्याचा मला खरा राग आला. आदर? सैनिकाने तो डबा खाल्ला तेव्हा त्याच्यापुढे दुसरे पान नव्हते. तुमच्यापुढे आहे. तुम्ही एक घास खाऊन तोंड वेडेवाकडे कराल, मित्र हसतील, मग आत जाऊन वहिनीच्या हातच्या नेवऱ्यांवर ताव माराल. त्याच्या जेवणातली चव तुम्हाला कदाचित मिळेल, पण त्या जेवणातले मुख्य द्रव्य तुमच्याकडे नाही. ते म्हणजे भूक, आणि 'उद्या हेही मिळेल का' ही धाकधूक. ते काढून घेतले की उरतो तो नुसता खवट गोळा. भावोजी म्हणाले ते हेच.

शेवटी एक घरची आठवण. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या उत्तरेकडून ५० पॅराशूट ब्रिगेड गोव्यात उतरली. तिच्यातली मराठ्यांची २ पॅरा पलटण फोंड्याच्या दिशेने गेली. आमची आई तेव्हा नऊ वर्षांची. ती सांगायची की रस्त्याकडेला उभे राहून गाववाले शहाळी देत होते, आणि एका जवानाने तिच्या हातावर आपल्या पिशवीतला एक कडक, चौकोनी शक्करपारा ठेवला. आपल्या शंकरपाळीचाच थोरला भाऊ, पण दगडासारखा. आईने तो खाल्ला नाही. कपड्यांच्या पेटीत जपून ठेवला. पुढे त्याला मुंग्या लागल्या तेव्हा रडली. 'तेणें आपल्या वाट्याचो दिल्लो,' असे ती म्हणायची.

आपल्या वाट्याचा! चव कशी होती ते आईला कधीच कळले नाही. तरी आमच्या घरात त्या शक्करपाऱ्याइतका मान दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाला नाही.

ते पाकीट पोरांनी अखेर माझ्या हवाली केले. पटले म्हणून की मी भाषण थांबवावे म्हणून, ते देव जाणे. भावोजींनी ते उलटसुलट करून पाहिले, तारखेवर अंगठा फिरवला आणि परसात माडाच्या मुळाशी खड्डा काढून आतले अन्न पुरले. आजी बिघडलेल्या बरणीचे जे करायची तेच. मी पुतण्याला म्हटले, चित्रण करायचेच असेल तर एक कर. तो २०१० चा अहवाल आणि समितीने त्यावर काय म्हटले ते, दोन्ही मिळवून वाच. त्यातली पाने कॅमेऱ्यापुढे धर आणि मोठ्याने वाचून दाखव. पाहणारे लाखो नसतील. दहा असतील.

पण त्या दहांतला एखादा तरी पुढच्या वेळी सैनिकाच्या डब्यावरची तारीख वाचेल. मुदत उलटायच्या आधी.